आठ कोनांचा खांब

उत्तर बरोबर, पण पायऱ्या गाळल्या म्हणून चाचणीत दोन गुण गेले, तेव्हापासून आमच्या चिरंजीवांनी गणिताशी अबोला धरला होता. गृहपाठाची वही मात्र चारेकशे पायऱ्या चढून बेडशाच्या लेण्यांत आली! मी मराठीचा प्राध्यापक. तरी विचारले, ‘‘सुसम अष्टकोनाचा कोन किती?’’ चैत्यगृहातले आतले खांब अष्टकोनीच आहेत. मध्यबिंदूपासून शिरोबिंदूंना रेषा जोडल्या, आठ त्रिकोण झाले. ८ × १८० = १४४०; मधले ३६० वजा, उरले १०८०; आठांनी भागून १३५ अंश.

‘‘पण चौकोनाचा अष्टकोन करताना कोपरा किती छाटायचा?’’ प्रश्न चिरंजीवांचा. चौकोनाची बाजू १० मानली, छाट दोन्ही अंगांना क्ष. उरलेली बाजू १० – २क्ष, छाटीचा कर्ण क्ष√२. दोन्ही समान हवेत; म्हणून क्ष = १० ÷ ३.४१४, म्हणजे सुमारे २.९३. हा खांब तर डोंगरातच कोरलेला. दोन हजार वर्षांपूर्वी एखादा घाव जास्त पडता, तर दुसरा दगड आणायचा कोठून? (आमच्याकडे निदान खोडरबर असते.)

चिरंजीव सुतळीने आठही बाजू मोजू लागले. मला चहाची तलफ आली होती. पण तिसरीच बाजू चालू होती.