वेण्णाकाठची रुसलेली जीप

महाबळेश्वर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? स्ट्रॉबेरी, घोडे, मक्याचं कणीस! मला मात्र आठवते बोटाएवढी एक लोखंडी कांडी. कशी, ते ऐका.

फेब्रुवारीतला शिष्यवृत्ती परीक्षेचा रविवार होता. परीक्षेचं केंद्र पाचगणीला, म्हणजे १८-१९ किलोमीटर लांब. माझ्या वर्गातली पाच मुलं आणि मी पहाटेच वेण्णा तलावाजवळ जीपची वाट पाहत उभे होतो. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच. निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते आणि गवत हवेपेक्षाही गार पडतं. त्यामुळे तलावाकाठचं दव गोठून पांढरंशुभ्र झालं होतं. मुलं ते बोटांनी खरवडून पाहत होती.

पण जीपवाल्या काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी नुसतीच कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच! धुरांड्यातून पांढरा धूर आला, बस्स. "गुरुजी, पेपर चुकला तर?" एका मुलीचे डोळे भरून आले. वर्षभर कंदिलाइतक्याच उजेडात अभ्यास केलेली पोर ती! मला काहीच सुचेना.

शेवटी काकांनी युक्ती केली. आम्ही सगळ्यांनी ढकलून जीप उतारावर आणली, काकांनी ती सोडली आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गचका बसला, धूर उडाला, इंजिन सुरू! पाचगणीत वेळेवर पोहोचलो. मुलं पेपरला बसली आणि आम्ही गाठलं गॅरेज.

मेकॅनिकदादा म्हणाले, "हीटर प्लग गेलेत." हीटर प्लग म्हणजेच ग्लो प्लग. त्याचं काम काय? सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ना? दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबतात, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं असं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं. पण कडाक्याच्या थंडीत ही उष्णता गार लोखंडच शोषून घेतं. तेव्हा ग्लो प्लगचं टोक विजेवर लालबुंद तापतं आणि मदत करतं. म्हणूनच काचेमागचा वेटोळ्याच्या चित्राचा पिवळा दिवा विझल्यावर स्टार्टर मारायचा.

दादांनी प्लगवरची तार काढली. तपासणीच्या दिव्याचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं प्लगच्या डोक्याला लावलं. दिवा लागला तर प्लगमधली तार शाबूत. चारांपैकी एकाच प्लगवर दिवा लागला! मग बॅटरी सोडवून, भोवतीची धूळ पुसून, त्यांनी एकेक प्लग हलक्या हाताने काढला. "इंजिन कोमट आहे ते बरंय. जोर केला तर प्लग आत तुटतो आणि काम दहापट वाढतं," ते म्हणाले. नवे प्लग आधी बोटांनी फिरवून बसवले, मग पान्याने बेताने आवळले. चौथा चांगला होता, तरी तोही बदलला. तोही त्याच वयाचा ना!

काका ओशाळून म्हणाले, "आठ दिवस सकाळी धूर येत होता. म्हटलं, चालतंय की!"

हे 'चालतंय की' त्या दिवशी पाच मुलांचं वर्ष घालवणार होतं. आणि खरं सांगू? गाडी ठीक आहे का, हे आदल्या दिवशी मीही विचारलं नव्हतं. दोष एकट्या काकांचा कसा?

पेपर संपल्यावर मुलांना टेबललँडचं जांभ्या दगडाचं अफाट पठार दाखवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम तलावाकाठी गेलो. दव तसंच गोठलेलं. काकांनी दिवा विझेपर्यंत थांबून किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात जीप बोलू लागली!

तुमच्याही घरी कुठली वस्तू आठ दिवस कुरकुर करतेय का? आजच बाबांना किंवा आईला सांगा बरं!