मेन पाडला होता का?

ऑफिसात लाइट गेली की तुम्ही काय करता? काहीच नाही. खरं तर ती गेल्याचं कळतही नाही. दिवे एकदा डोळा मारतात, बेसमेंटमधला जनरेटर घुर्रर्र करतो आणि आपण परत एक्सेलच्या त्याच कॉलममध्ये. घरी सोसायटीचा बॅकअप. लिफ्ट चालू, वाय-फाय चालू, टेन्शन नाही.

पुणेकरांचे हे लाड तसे जुनेच. २००६ साली राज्यभर लोडशेडिंगचा कहर होता, तेव्हा पुण्यातल्या कंपन्यांनी आपापले जनरेटर चालवले, त्यातून वाचलेली वीज शहराला मिळाली आणि त्यासाठी पुणेकरांनी बिलात थोडे जादा पैसेही मोजले. मी तेव्हा शाळेत होतो. पुण्यात नव्हे, आंबेगाव तालुक्यात. रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसणं हे माझं काम होतं.

पुढे मी बी.ई. झालो. इलेक्ट्रॉनिक्स. हिंजवडीत नोकरी लागली. आणि गावच्या घरातल्या विजेचा मी आपोआप एक्स्पर्ट झालो. कुणी विचारलं नाही, कुणी परीक्षा घेतली नाही. ‘आमचा इंजिनिअर आहे ना,’ असं अण्णा चारचौघांत म्हणाले आणि मला ते खरं वाटलं.

आमचं घर मंचर-घोडेगाव रस्त्यापासून आत, मळ्यात. वस्तीवरचं शेवटचं. विजेच्या खांबांची ओळ आमच्या गोठ्यापाशी येऊन संपते. तिन्ही बाजूंनी ऊस. आणि जुन्नर-आंबेगाव भागात ऊस म्हटलं की पुढचा शब्द तुम्हाला माहीत आहे. बिबट्या. तिकडे माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. इकडे आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर आई पोरांना ओट्याखाली उतरू देत नाही. दोन वर्षांपूर्वी आमची एक कालवड गेली. त्या रात्री लाइट नव्हती, अंगणात मिट्ट काळोख.

मग मी जनरेटर आणला. पेट्रोलवरचा, अडीच केव्हीएचा. आता तो घराला जोडायचा कसा? मी वीस मिनिटांत सोल्यूशन काढलं. एक जाड वायर, तिच्या दोन्ही टोकांना तीन पिनांचे टॉप. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या मोठ्या सॉकेटमध्ये. झालं! सगळं घर उजळलं. अण्णांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मी व्हॉट्सॲपवर अण्णांना स्टेप्सही लिहून पाठवल्या. पहिली स्टेप ठळक अक्षरांत: आधी मेन स्विच पाडायचा, मगच जनरेटर चालू करायचा.

दीड वर्ष अण्णा न चुकता मेन पाडत होते. चुकलो मी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी गावी होतो. वळवाचा पाऊस आला, सोबत असं वादळ की दारातला शेवगा आडवा झाला. आमच्या अलीकडच्या खांबावरून तार तुटली. लाइट गेली. अण्णा गुरं आत घेत होते, आई ओरडत होती, ‘आधी अंगणातला दिवा लाव.’ मी पळत गेलो, वायर लावली, दोरी ओढली. दिवे लागले. गरमागरम चहा झाला. मी मोबाइलवर मॅच लावून बसलो.

तासाभराने बाहेर खांबाकडे ‘फाट’ असा आवाज झाला. निळसर ठिणगी उडाली. जनरेटर एकदा गुदमरला आणि बंद पडला.

थोड्या वेळाने अंधारातून एक बॅटरी आमच्या दिशेने आली. मागे लाइनमन. कमरेला पट्टा, हातात डिस्चार्ज रॉड. पावसात भिजून चिंब. ओट्यावर बसला. पाणी मागितलं. पाणी पिताना त्याचा हात थरथरत होता, ते मी पाहिलं.

‘मेन पाडला होता का?’ त्याने विचारलं.

मी काहीच बोललो नाही.

तो वरच्या ट्रान्सफॉर्मरवरून लाइन बंद करून आला होता. कागदोपत्री आमच्या खांबावरची तार मेलेली होती. पण तिला हात लावण्याआधी त्याने नियमाप्रमाणे रॉड टाकून लाइन अर्थ केली, म्हणून ठिणगी उडाली. रॉड टाकायचा कंटाळा केला असता, तर माझ्या जनरेटरचे २३० व्होल्ट सरळ त्याच्या अंगातून गेले असते. भिजलेलं अंग, हातात तार, खाली वीस-पंचवीस फूट.

‘काय राव,’ तो एवढंच म्हणाला, ‘तुम्ही शिकलेली माणसं.’

मग स्वयंपाकघरात गेला, ती दोन टोकांची वायर काढली, कमरेची पक्कड घेऊन मधोमध तोडली आणि दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. तक्रार करीन म्हणाला नाही, शिवी दिली नाही. परत खांबावर चढला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा नीट विचार केला. ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेने चालत नाही, हे मी सेकंड इयरला शिकलो होतो. अकरा हजार व्होल्टचे तो घरगुती व्होल्ट करतो, तसेच उलट्या बाजूने घरगुती व्होल्टचे अकरा हजार करतो. त्या दिवशी तार तुटलेली होती आणि ट्रान्सफॉर्मर बंद होता, म्हणून प्रकरण आमच्या एका खांबापुरतं राहिलं. एरवी घरातला छोटासा जनरेटर मैलभर लांबच्या माणसाचा जीव घेऊ शकतो. या प्रश्नाचं उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही मिळाले होते.

दुसऱ्या दिवसापासून इलेक्ट्रिशियनची शोधाशोध. पुण्यात आपण काय करतो? ॲप उघडायचं, स्लॉट निवडायचा. ॲपने आमचा पिनकोड बघितला आणि दिलगिरी व्यक्त केली. पुण्यातल्या ओळखीच्या एकाला फोन केला, तर तो म्हणाला, ‘चाकणच्या ट्रॅफिकमधून? येण्या-जाण्याचेच पैसे तुम्हाला परवडायचे नाहीत.’ मग गावातला एक ऑलराउंडर आला. मोटर रिवाइंडिंग, डिश टीव्ही, मोबाइल रिपेअर, सगळं करतो. त्याने घर बघितलंच नाही. म्हणाला, ‘कशाला खर्चात पडता? नवीन वायर बनवून देतो. फक्त मेन पाडायचं लक्षात ठेवायचं.’

फक्त लक्षात ठेवायचं! मी हात जोडले.

शेवटी त्या लाइनमनलाच फोन केला. जनरेटर जोडायचं खासगी काम तो करणार नव्हता, पण त्याने मंचरजवळच्या एका वायरमनचा नंबर दिला. ‘जरा तिरसट आहे,’ म्हणाला, ‘पण परवानावाला आहे.’

ही परवान्याची भानगड आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते? मला नव्हती. आपल्या राज्यात विजेच्या ठेकेदाराला, त्याच्या सुपरवायझरला आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या वायरमनला शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून परवाना घ्यावा लागतो. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला नियमाची आडकाठी नाही. पण नवीन वायरिंग, वाढीव जोडणी, जनरेटर घराला जोडणं, ही कामं परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत तसं आहे आणि त्याआधीच्या १९५६ च्या नियमांतही होतं. म्हणजे माझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून.

तिरसट माणूस रविवारी सकाळी मोटरसायकलवर आला. तिशीचाच असेल. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिसशिप, मग परत गावी. ज्या ठेकेदाराबरोबर काम करतो त्याचा परवाना आणि स्वतःचा, दोन्हींचे फोटो त्याने न मागता दाखवले. मी सुरुवात केली, ‘चेंजओव्हर स्विच बसवायचाय, बाकी सगळं ओके आहे.’

‘बाकी मी बघतो,’ तो म्हणाला.

त्याने पिशवीतून होल्डरला लावलेला शंभर वॅटचा बल्ब काढला. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला. बल्ब लख्ख. मग दुसरी वायर न्यूट्रलवरून काढून सॉकेटच्या अर्थिंगला लावली. बल्ब ढिम्म. साधा लालसुद्धा झाला नाही.

‘अर्थिंग कुठं दिलंय?’

अण्णांनी अभिमानाने न्हाणीमागचा नळाचा पाइप दाखवला. अर्थिंगची वायर त्याला घट्ट बांधलेली होती. फक्त चार वर्षांपूर्वी आम्ही जमिनीखालचा लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकला होता. वायर तिथेच, पण जमिनीशी संबंध संपलेला. म्हणजे चार वर्षं आमचा फ्रिज, गीझर, आईचा मिक्सर, सगळं देवाच्या भरवशावर. आई त्या न्हाणीत ओल्या हाताने गीझरचं बटण दाबत होती. रोज.

मी खाली बसलो.

पुढचे दोन दिवस त्याने काम केलं. नवा खड्डा खणून अर्थिंग. जनरेटरलाही अर्थिंग. मेनशेजारी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की क्षणात सप्लाय तोडणारा स्विच. दोन-अडीच हजारांची वस्तू. आणि डबल पोल चेंजओव्हर. फेज आणि न्यूट्रल, दोन्ही बदलणारा. एका बाजूला लाइन, एका बाजूला जनरेटर, मध्ये बंद. दोन्ही एकदम चालू करायची सोयच नाही. ‘माणसाच्या लक्षात राहण्यावर काही ठेवायचं नाही,’ तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, हा त्याचा मोठेपणा.

मी विचारलं, जनरेटरवर विहिरीची एक एचपीची मोटर चालेल का? ७४६ वॅट म्हणजे सहज, असा माझा हिशेब. त्याने मान हलवली. मोटर उचलताना पाच-सहा पट करंट ओढते, जनरेटरच बसेल. ‘आणि अंगणातल्या दिव्यांना पेट्रोल कशाला जाळता? छोटा इन्व्हर्टर घ्या. जनरेटर दोन-दोन दिवस लाइट गेली तरच.’ जनरेटर महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवायचा, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकटतं. ऑइल बदलायचं. आणि पाऊस असला तरी घरात, पडवीत चालवायचा नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो.

प्रत्येक जोड त्याने पुन्हा घट्ट केला. ‘ढिला जोड ठिणगी मारतो,’ म्हणाला, ‘ती ठिणगी तुम्हाला ऐकू येत नाही, पण खोडदच्या दुर्बिणीला ऐकू येते.’ शाळेत असताना २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आम्ही सगळे नारायणगावजवळच्या खोडदला गेलो होतो. तीस अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या रेडिओ लहरी सोडतात आणि आकाशातून येणारे क्षीण संदेश त्यात बुडतात. हे मला माहीत होतं. पण आमच्या मीटरच्या पेटीतही तेच चाललंय, हे मला आयटीआयवाल्याने सांगितलं.

जाताना त्याने छापील बिल दिलं. मालाचे वेगळे, मजुरीचे वेगळे. मी सवयीने घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मिटलं. हिंजवडीत माझ्या एका तासाचं बिल क्लायंटला किती लागतं, ते मला माहीत आहे. माझ्या चुकीने फार तर एखादा सर्व्हर बसतो.

तर, गावी आई-वडील राहत असतील तर पुढच्या वीकेंडला दोनच गोष्टी करा. घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आणि जवळचा परवानाधारक माणूस शोधून त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा. तो कसा ओळखायचा? परवाना मागा. हात लावण्याआधी तो तपासतो का, बघा. आणि तुम्ही सांगाल त्यातल्या एखाद्या गोष्टीला तो ‘नाही’ म्हणाला, तर त्याला सोडू नका.

परवा रात्री अण्णांचा फोन आला. मागे पावसाचा आवाज. ‘लाइट गेलीय. चेंजओव्हर फिरवलाय. लाइनमन आलाय, खांबावर आहे.’

माझ्या पोटात क्षणभर गोळा आला.

‘त्याच्यासाठी चहा टाकलाय,’ अण्णा म्हणाले. ‘उतरला की घेईल.’