एका विमानाचा देश

जगाच्या नकाशावर नाउरू शोधायला बसलात तर बराच वेळ जाईल. पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या जरासं खाली, २१ चौरस किलोमीटरचं एक बेट. लोकसंख्या साधारण १२ हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गावाला धड एसटी स्टँड नसतो. या देशाकडे मात्र एके काळी स्वतःची सात जेट विमानं होती!

पैसा आला फॉस्फेटमधून. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, १९७० मध्ये खाणी हातात आल्या आणि त्याच वर्षी एका छोट्या फाल्कन जेटवर ‘एअर नाउरू’ सुरू झाली. मग फोकर, मग बोइंग ७३७, मग ७२७. मेलबर्न, मनिला, हाँगकाँग, जपानमधलं कागोशिमा... १९८० च्या आसपास बेटावर जेमतेम आठ हजार माणसं होती. म्हणजे दहातला एक जण एकाच वेळी हवेत बसवता आला असता. विमानं अर्थातच बहुतेक रिकामी उडायची आणि तोटा सरकार भरायचं. निव्वळ मिजास म्हणा हवं तर. पण किरिबाती, मार्शल बेटं अशा शेजाऱ्यांना एकमेकांकडे जायला या विमानांचा मोठाच आधार झाला.

फॉस्फेट संपत आलं आणि गुंतवणुकीची वाट लागली. मेलबर्नमधली ५२ मजली ‘नाउरू हाउस’ इमारतसुद्धा २००४ मध्ये विकावी लागली. विमानं तर त्याआधीच एकेक करून गेली होती. उरलं फक्त एक ७३७. त्याचंही कर्ज थकलं आणि डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या एक्झिम बँकेने ते ऑस्ट्रेलियात जप्त करवलं.

आम्ही आयटीवाले याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो. सर्व्हर एकच असेल तर तो कधीतरी पडणार, हे गृहीत धरायचं असतं. पण इथे पडला तो सर्व्हर नव्हता, अख्ख्या देशाचा रस्ता होता. मोठा आजार झाला की पेशंटला परदेशी न्यावं लागतं, आणि ब्रिस्बेन तीन हजार किलोमीटरवर. बोटीने किती दिवस लागतील, विचार करा.

सप्टेंबर २००६ मध्ये तैवानच्या मदतीने आणखी एक ७३७ आलं आणि कंपनीचं नवीन नाव ठेवलं ‘अवर एअरलाइन’. २०१४ पासून ती ‘नाउरू एअरलाइन्स’ आहे. (त्या तैवानशी नाउरूने जानेवारी २०२४ मध्ये संबंध तोडून चीनला मान्यता दिली, ती गंमत वेगळीच.) पुन्हा हळूहळू विमानं वाढली, पण यावेळी हिशोब वेगळा होता. बारा हजार माणसांच्या तिकिटांवर जेट पोसता येत नाही. मग विमानं बाहेर कमावतात: चार्टर, मालवाहतूक, बेटाबेटांवर थांबत जाणाऱ्या फेऱ्या.

मला वाटतं, अशा देशाला किती विमानं हवीत हे प्रवाशांवरून ठरतच नाही. प्रश्न एवढाच की एक विमान दुरुस्तीला गेलं तर आजारी माणूस ब्रिस्बेनला पोचेल का? सात विमानं ही चैन होती, मान्य. पण एक विमान ही काटकसर नव्हे, तो जुगार होता.