पायावर वजन

"वजन टाकायला सांगितलंय का डॉक्टरांनी?" पाय मोडलेला पेशंट दारातून आत आला की माझा पहिला प्रश्न हाच. भोसरीत फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, दिवसातून चार-पाच वेळा तरी हे वाक्य तोंडून जातं. पाव वजन, अर्धं वजन, पूर्ण वजन. गेल्या वर्षभरात ते म्हणताना मला दर वेळी चारशे किलोमीटर उंचीवर फिरणारी माणसं आठवतात. सगळं शरीर धडधाकट, पण टाकायला वजनच नाही.

•

आजचा पेशंट चोवीस वर्षांचा, अंबाजोगाईकडचा. चाकणला प्रेस शॉपमध्ये कामाला. रात्रपाळी संपवून कुरुळीच्या खोलीवर जाताना गाडी घसरली. गुडघ्याच्या अगदी खाली, सांध्यातच हाड तडकलेलं, प्लेट बसवली. नऊ आठवडे वजन टाकायचं नाही असं सांगितलेलं. ते आज संपले.

टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. चांगला पाय ३५ सेंटिमीटर, दुसरा ३१. चार सेंटिमीटर नुसते पडून राहण्यात गेले. पोटरी हाताला मळून ठेवलेल्या कणकेसारखी लागते, दाबलं की बोट आत जातं. पाय खाली सोडून बसला आणि म्हणाला, "मॅडम, चप्पल जड लागतीय."

त्याची आई माझ्याकडे बघत होती. हे चांगलं की वाईट, ते तिला माझ्या चेहऱ्यावरून समजून घ्यायचं होतं.

•

अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५च्या जुलैमध्ये अंतराळ स्थानकावरून परत आले, तेव्हा त्यांना हातातला मोबाइल जड लागला होता. लॅपटॉप मिटून त्यांनी तो पलंगाच्या कडेला हवेत सोडून दिला, तरंगेल म्हणून. वीस दिवसांची सवय. चप्पल आणि मोबाइल, दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवते.

•

लोकांना वाटतं, तिकडे पृथ्वीची ओढ पोचत नाही. चारशे किलोमीटरवर ती जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, म्हणून कुणाचाच भार कुणावर येत नाही. लिफ्ट झटक्यात खाली सुटली की पोटात गोळा येतो, पाय हलके होतात. तो क्षण सहा-सहा महिने चालू राहिला तर काय होईल, असं मी या पेशंट पोराला समजावलं. त्याला पटकन कळलं.

•

हाड ही एकदा बांधून संपलेली भिंत नव्हे. त्यात पाडणाऱ्या पेशी असतात आणि बांधणाऱ्या पेशी असतात, दोघींचं काम जन्मभर चालू. पाऊल जमिनीवर आपटतं, हाड किंचित वाकतं, आत बसलेल्या पेशींना ते जाणवतं आणि बांधणाऱ्यांना निरोप जातो. पाऊल आपटलंच नाही तर निरोप जात नाही. पाडणाऱ्या मात्र थांबत नाहीत.

अवकाशात कंबर, मांडी अशा भार पेलणाऱ्या हाडांतलं खनिज महिन्याला सरासरी एक ते दीड टक्का कमी होतं. इथे म्हातारपणी साधारण वर्षभरात जेवढं जातं, तेवढं तिथे महिन्यात. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून अंतराळवीरांना मूतखड्याचीही धास्ती. स्नायूंमध्ये सगळ्यात आधी पोटरी आणि पाठीचे स्नायू झिजतात, कारण उभं धरून ठेवणं हेच त्यांचं काम. म्हणून तिथे रोज दोन-दोन तास व्यायाम. धावताना स्वतःला पट्ट्यांनी खाली ओढून बांधून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला माणूस वर जाईल.

माझ्या पेशंटना मी दिवसातून तीनदा वीस मिनिटं सांगते, तरी बरेचजण टाळतात. मला राग येत नाही. दुखतं त्यांना.

•

१९६६ साली अमेरिकेत डॅलसच्या विद्यापीठात वैद्यकीय संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. काही करायचं नाही, नुसतं पडायचं. मग त्यांची दमश्वासाची ताकद मोजली, ती पाव हिश्शाहून जास्त उतरली होती. खरी गोष्ट पुढची आहे. तीस वर्षांनी, पन्नाशीत पोचलेल्या त्याच पाचजणांना परत बोलावून मोजलं. तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद खाल्ली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी खाल्ली होती.

हा अभ्यास मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगते. "पडून राहू द्या हो त्याला, आराम पडेल," असं म्हणणाऱ्या काकांना तर आवर्जून सांगते. माणसाचं प्रेमच असतं ते, पण पेशंटला पोखरतं.

•

रशियन अंतराळवीर परतल्यावर तक्रार करायचे, की पलंगावरून पायांच्या बाजूला घसरतोय असं वाटतं. मग म्हणे पलंगाची पायांकडची बाजू उचलून दिली, तेव्हा त्यांना झोप लागली. यातूनच डोकं सहा अंश खाली ठेवून झोपवण्याची पद्धत आली, असं सांगतात. रक्त आणि पाणी पायांकडून डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजतो, नाक चोंदतं, अवकाशात होतं तसंच. जर्मनीत कोलोनला अशा अभ्यासात माणसं साठ-साठ दिवस झोपतात. जेवण, अंघोळ, शौच, सगळं आडवं. एक खांदा सतत गादीला टेकलेला पाहिजे, असा नियम.

साठ दिवस. माझ्या पेशंटचे त्रेसष्ट झाले. त्याच्यावर मात्र कुणी शास्त्रज्ञ नोंदी करत बसलेला नव्हता.

•

हे मनापासून लिहिते. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत, तिकडे तळेगावपर्यंत, आपल्या पट्ट्यात दर महिन्याला किती तरी तरुण, एरवी ठणठणीत माणसं पाय मोडून, कंबर मोडून पलंगाला खिळतात. वय वीस ते पस्तीस, अंतराळवीरांहून थोडं लहान. कोलोनला पैसे देऊन माणसं झोपवावी लागतात. इथे ती आधीच झोपलेली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयं इथे आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, दर वर्षी पदव्युत्तर प्रबंध होतात. दर आठवड्याला पोटरीचा घेर, पकडीची ताकद, नाडी आणि जमेल तेव्हा हाडाची घनता, एवढंच चार-पाच वर्षं नेटाने लिहून ठेवलं तर भारतीय शरीर भाराशिवाय कसं उतरतं आणि परत कसं चढतं, त्याची आपली स्वतःची वही तयार होईल. आज हाताशी असलेले बहुतेक आकडे परदेशी माणसांचे. त्यांचा आहार वेगळा, बांधा वेगळा. ऊन खूप असूनही आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास.

मोडलेलं हाड आणि निरोगी माणूस यांत फरक आहे, हे मला कळतं. पण चांगला पाय असतो ना शेजारी. तोही नऊ आठवडे पलंगावरच होता.

भारताच्या गगनयान मोहिमेची पहिली मानवी उड्डाणं थोड्या दिवसांची असतील, तेवढ्यात हाडाला फार काही होणार नाही. पण २०३५पर्यंत आपलं स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं म्हणतात. मग माणसं महिनोन्‌महिने राहतील. वही आत्ताच उघडायला हवी.

•

पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार गेला की त्या फुगतात, अंतराळवीराची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते. परतल्यावर चकती सरकण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या चौपटीहून जास्त आढळलं. माझ्याकडे चकती सरकून येणारे बहुतेक माथाडी, नाहीतर दिवसभर जॉब उचलून मशीनवर चढवणारे. वजन अति झालं तरी तेच, शून्य झालं तरी तेच.

•

पोराची आई डबा घेऊन आली. मोड आलेले मूग, वर कांदा-कोथिंबीर. "ताई, खा, रात्री फडक्यात बांधून ठेवले होते." किती बारीक, सरळ मोड.

शुक्लांसोबत मूग आणि मेथी वर गेली होती. पाठवली धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने, जोडीला आयआयटी धारवाड. आपल्या मनातलं धारवाड म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि पेढे. आता त्यात ही मेथीही आली. शुक्लांनी स्थानकात बियांना पाणी दिलं, पेट्री डिशमध्ये मोड येऊ दिले, फोटो काढले आणि मोड फ्रीझरमध्ये ठेवून खाली आणले. अवकाशात मोड कसे येतात, त्यातलं पोषण बदलतं का, त्यांच्यावर कोणते जंतू वाढतात, हे विद्यापीठाला बघायचं आहे.

मला यातली निवड आवडली. लांबच्या प्रवासात ताजं काही मिळत नाही. मोड यायला माती लागत नाही, दोन-तीन दिवसांत तयार. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात ते कंबरेसाठी, हाडांसाठी. आजीला जे माहीत होतं ते जसंच्या तसं खरं मानायची माझी तयारी नाही, पण ते तपासायच्या यादीत वर असावं. तसं ते आहे, याचा आनंद झाला.

त्याच मोहिमेत बंगळूरच्या इनस्टेम संस्थेने स्नायूंच्या पेशी पाठवल्या होत्या. भार नसताना स्नायू नव्याने का भरत नाही, काही पोषक द्रव्यं दिली तर भरतो का, हा त्यांचा प्रश्न. हा तर अगदी माझाच प्रश्न. उत्तराची वाट बघते आहे.

•

गगनयानसाठी निवडलेले चौघेही खडकवासल्याच्या एनडीएचे. अवकाशात गेलेले पहिले भारतीय राकेश शर्माही तिथलेच. १९८४च्या एप्रिलमध्ये सोयूझमधून सॅल्यूट ७वर गेले, जवळजवळ आठ दिवस राहिले. तिथे त्यांनी योगासनं केली, स्नायूंवर परिणाम काय होतो ते बघण्यासाठी. तरंगत आसन करताना तोल सांभाळायला नको, पण शरीर जागेवर धरून ठेवायला तेवढेच कष्ट.

•

पोराच्या माकडहाडाशी लाल चट्टा होता, पलंगावर पडून पडलेला. वेळेत दिसला, चिघळला नाही. आईने रोज कूस बदलली, पावडर लावली, चादर उन्हात घातली. पलंगावरच्या माणसाचा दुसरा शत्रू जंतू.

बंद डब्यात राहणाऱ्या अंतराळवीरांचाही. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी नासाच्या जेपीएलबरोबर स्थानकावरच्या एंटरोबॅक्टर बुगान्डेन्सिस या जंतूचे तेरा नमुने अभ्यासले, त्यांच्यावर अनेक औषधं चालत नाहीत. हे २०२४चं. इस्पितळात त्रास देणाऱ्या जंतूंच्याच कुळातला हा. हे मी पिंपरीच्या हद्दीत बसून वाचत होते, जिथे १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जुनी माणसं अजून पेनिसिलिन फॅक्टरी म्हणतात. त्या काळी वाटलं असेल, जंतूंचा प्रश्न मिटला.

•

जंतूंवरून आठवलं. २००५च्या एप्रिलमध्ये हैदराबादहून एक प्रचंड फुगा सोडला होता. त्याखाली पोलादी, निर्जंतुक केलेल्या नळ्या, द्रवरूप निऑनने थंड ठेवलेल्या. वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवर त्या उघडायच्या, हवा आत येऊन गोठायची, नळी बंद. प्रयोगाचं नेतृत्व जयंत नारळीकरांचं. नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, वेगवेगळी झाली. नारळीकरांची आयुका आणि एनसीसीएस दोन्ही पुणे विद्यापीठाच्या आवारात, पायी जाण्याच्या अंतरावर. एकीकडे तारे, दुसरीकडे पेशी.

बारा प्रकारचे जीवाणू आणि सहा बुरश्या वाढल्या. त्यांतले तीन जीवाणू जगाला नवीन होते. एकाला फ्रेड हॉइलचं नाव, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं. तिघांनाही अतिनील किरण जवळच्या भाईबंदांपेक्षा जास्त सोसतात. ते अवकाशातूनच आले असं सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी २००९मध्ये स्पष्ट सांगितलं. मला हा प्रयोग त्या सांगण्यामुळे अधिक आवडतो. गणेशखिंडीतून जाताना सिग्नलला थांबले की झाडांच्या पलीकडे बघून घेते. नारळीकर २० मे २०२५ला गेले.

•

आज पोराला वॉकर सोडून नुसत्या चांगल्या पायावर उभं केलं. दोन सेकंदांत डावीकडे कलला. स्नायूंपेक्षा तोलाचं भान यायला वेळ लागतो. तळपायाने जमिनीची खबर मेंदूला द्यायची सवयच मोडलेली असते. अंतराळवीरही उतरल्यावर वळताना असेच कलतात.

त्याला 'स्वयम्'ची गोष्ट सांगितली. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पिढ्या बदलत बदलत बांधलेला, जेमतेम एक किलोचा उपग्रह. २२ जून २०१६ला पीएसएलव्हीतून आणखी एकोणीस उपग्रहांबरोबर गेला. त्याला दिशा धरून ठेवायला मोटार नाही, वीज खर्च होत नाही. आत एक कायमचा चुंबक. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून तो हळूहळू स्वतःच सरळ होतो, डोलणं थांबवायला विशेष धातूच्या कांड्या. म्हणून नाव स्वयम्.

"लगेच सरळ होतो का, मॅडम?"

"नाही. डोलत डोलत."

•

मंगळवार. घरगुती वजनकाटा जमिनीवर ठेवला. चांगला पाय शेजारी तेवढ्याच उंचीच्या फळीवर, मोडलेला काट्यावर. हात समांतर दांड्यांवर. सर्जननी पहिल्या आठवड्यात वीस किलोपर्यंतच परवानगी दिली आहे. काटा बघायचा, वीस आला की थांबायचं, तेवढा भार अंगाला लक्षात ठेवायला शिकवायचं.

पहिल्यांदा पाय नुसता टेकला. काटा चारवर. पायाचंच वजन ते. ओठ घट्ट मिटलेले. सात. नऊ. गुडघा थरथरला, परत चार. आई भिंतीला टेकून उभी, पदर मुठीत.

"घाई नको. टाचेवर दे. श्वास सोड."

अकरा. चौदा. चौदावर तो थांबला आणि तिथेच राहिला, मी दहापर्यंत मोजलं.

वहीत लिहिलं: डावा, १४ किलो, १० सेकंद. पोटरी ३१.५. पुढचा मंगळवार, सकाळी साडेअकरा.