आळंदी रस्त्यावरच्या मुक्ता

दिघीची खरी श्रीमंती म्हणजे तिथून जाणारा आळंदीचा रस्ता. एका अंगाला लष्कराच्या लांबच लांब भिंती, दुसऱ्या अंगाला भोसरी-चाकणला पाळीवर जाणाऱ्यांची घरं, मागं दत्तगडाची टेकडी. ज्येष्ठात आळंदीहून माउलींचं प्रस्थान झालं की दुसऱ्या सकाळी पालखी याच रस्त्यानं पुण्याकडे निघते. चऱ्होलीच्या थोरल्या पादुका, मग मॅगझिन चौक, पुढं विश्रांतवाडी. अशा गावात बारशाला नाव शोधायला लांब जावं लागत नाही. ज्ञानेश्वर, सोपान आणि निवृत्ती सापडतात आणि मुलगी झाली तर मुक्ता. जळगावकडून पोटासाठी इथं आलेल्या घरांना तर ते नाव आपल्या माहेरचंच वाटतं, कारण तिकडं कोथळीला मुक्ताईचं स्थान आहे. पूर्वी ज्या तालुक्याला एदलाबाद म्हणत, तो आता मुक्ताईनगर आहे.

या नावाच्या ज्या मुली आणि बाया मला ठाऊक आहेत, त्यांच्यात मला एक खोड दिसते. आपल्यापेक्षा मोठ्यांच्या समोर उभं राहून त्या बोलतात. वयानं मोठे असोत, जातीनं असोत की विद्येनं.

पहिली अर्थात आळंदीचीच. परंपरेनं तिचा जन्म शके १२०१, म्हणजे १२७९चा धरतात. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून घर वाळीत पडलं. आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरी पोरांचा वाळीतपणा सुटला नाही. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या सभेपुढं जावं लागलं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता या चौघा भावंडांत मुक्ता सगळ्यांत धाकटी. असं असूनही ज्ञानदेव लोकांच्या बोलण्यानं दुखावून झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर कोण उभं राहिलं? थोरले निवृत्तिनाथ घरात होते, ते गुरूही होते. पण कथा मुक्ताईला दारात उभी करते. ताटीचे अभंग वाचताना मला दर वेळी नवल वाटतं ते तिच्या स्वराचं. ती भावाची समजूत घालते, लाड करते आणि त्याच दमात त्याला संताचं वागणं कसं असावं हे सुनावते. जग आगीसारखं पेटलं तर आपण पाणी व्हावं, हे ती त्याला सांगते, ज्याच्या तोंडून पुढं अवघ्या महाराष्ट्रानं शांतरस ऐकला. वाळीत टाकलेल्या मुलीनं रागाला पूर्ण मुभा होती अशा जागी उभं राहून हे म्हटलं. रागावण्याचं कारण तिलाही तेवढंच होतं.

मांड्यांची गोष्टही तिचीच. तिला मांडे करायचे होते आणि गावातल्या विसोबांनी कुंभाराला बजावून तिला ते भाजायचं परळ मिळू दिलं नाही. मग ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि तिनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. आता पुढचा धागा पाहा. तेर-ढोकीला गोरोबाकाकांकडं संत जमले, तेव्हा कोपऱ्यातल्या थापटीकडं बोट दाखवून ‘हे काय हो काका?’ असं विचारलं ते मुक्ताईनंच. थापटी सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरली आणि नामदेव कच्चे ठरले. पंढरीच्या लाडक्या भक्ताला हे सोसलं नाही, पण त्यातूनच ते गुरूच्या शोधात औंढ्याला गेले. तिथं गुरू भेटले ते विसोबा खेचर. ज्यांनी एका पोरीला साधं परळ मिळू दिलं नव्हतं, त्यांच्याच पायाशी तिच्या एका प्रश्नानं नामदेवांना नेऊन बसवलं. ही गुंफण ज्या कुणी केली, त्या अनाम कीर्तनकारांना माझा नमस्कार. चौदाशे वर्षं जगल्याचं सांगणाऱ्या चांगदेवांनी पुढं तिलाच गुरू केलं. १२९७ साली तापीकाठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली. तेव्हा तिला अठरावं सरलेलं नव्हतं. सात मानाच्या पालख्यांत तिची पालखी आहे. ती दिघीवरून जात नाही. कोथळीहून निघते, बुलढाणा, जालना, बीड असा मुलूख तुडवत महिन्याहून जास्त चालते आणि पंढरीत भावांना भेटते.

दुसऱ्या मुक्तेसाठी आळंदीकडं पाठ करून पुण्यात यायला हवं. साडेपाच शतकं उलटून गेली आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मातंग समाजातली मुलगी शिकते आहे. वय चौदाच्या आसपास. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदया’नं तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. तिच्या डोळ्यांपुढं कुठला नमुना होता? तिच्या आधी तिच्या जातीतल्या कुणा मुलीचं लिहिणं छापून आलेलं तिनं पाहिलंच नव्हतं. तरी ती थेट देवाशी बोलते. वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघण्याचीही सोय नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकाविना राहिलो. आता देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असा तिचा सवाल आहे. पैठणच्या सभेत जो प्रश्न चार पोरांना विचारला गेला होता, तो इथं उलट्या दिशेनं आला. इथं मुलगी विचारते आहे आणि उत्तर सभेनं द्यायचं आहे.

निबंधात ती नुसती सवाल टाकून थांबत नाही, पुरावे मांडते. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात चेंडूदांडू खेळत, हे ती लिहिते. वाड्यांच्या पायात शेंदूर-तेल पाजून माणसं पुरली, हे लिहिते. आणि मग जे फक्त एक मुलगीच लिहू शकली असती ते येतं: बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपाऊस तिला कसा झोंबत असेल? शेवटी ती आपल्या लोकांकडं वळते आणि ज्ञानाचं औषध घ्या म्हणून विनवते. ताटीबाहेरच्या मुक्ताईसारखीच हीसुद्धा रुसून बसलेल्यांना आणि खचलेल्यांना उठवते. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की हिच्यापाशी पाठीवर मांडे भाजू देणारा भाऊ नव्हता, चमत्कार नव्हता. शाळा होती, पाटी होती.

सहाच वर्षांनी, १८६१मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. मराठी कादंबरीचे ते अगदी सुरुवातीचे दिवस. तिची नायिका संकटांमागून संकटं सोसते आणि शीलाच्या बळावर तरून जाते. वाचकांना ती फार आवडली. मला मात्र राहून राहून वाटतं की कल्पनेतल्या मुक्तेपेक्षा वेताळ पेठेच्या आसपास वावरलेली खरी मुक्ता कितीतरी पुढं होती. आपल्या कथाकारांना तिच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. १९९४मध्ये जब्बार पटेलांनी ‘मुक्ता’ केला, तेव्हा कुठं पडद्यावर सोनाली कुलकर्णीची मुक्ता दलित कवीच्या बाजूनं घरच्यांसमोर उभी राहिली. जात हाच तिथंही विषय.

आणि आजच्या मुक्ता? आळंदी रस्त्यानंच पुण्याकडं गेलं की येरवड्याच्या हद्दीत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र लागतं. १९८६मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुलंच्या मदतीनं ते सुरू केलं. आता तिथलं काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पाहते. दारू आणि ड्रग्जच्या मागं लागून स्वतःला कोंडून घेतलेल्या माणसांना हाक मारत राहण्याचं ते काम आहे. त्या हाकेची जात मला ताटीपाशी ऐकू येते, पण तिथं अभंगानं एका दिवसात दार उघडलं, इथं महिने लागतात आणि उघडलेलं दार पुन्हा लागतंही. २० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, तेव्हा हमीद आणि मुक्ता या त्यांच्या मुलांनी शोक आवरून न्याय मागितला आणि संयम सोडला नाही. हमीदचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलेलं. त्या घरात नाव ठेवताना किती विचार होत असे, ते यावरून कळतं. शेजारच्या चिंचवडची मुक्ता बर्वे तर इथल्या पोरींना आपलीच वाटते. ‘जोगवा’तली तिची सुली पाहून बोलायला शब्द न सुचलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मुक्ताईची समाधी आहे, पालखी आहे, तालुक्याला तिचं नाव आहे. मुक्ता साळवेची पालखी नाही. गुलटेकडीला आता मार्केट यार्ड आहे, पहाटे भाजीच्या गाड्या लागतात, हमालांची घाई असते. तिथल्या मातीविषयी तिनं काय लिहून ठेवलं, हे गाडीवाल्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणून दिघीतल्या आयांना आणि आज्यांना माझी कळकळीची विनंती आहे. घरातली मुक्ता पाचवी-सहावीत गेली आणि माझं नाव कुणावरून ठेवलं म्हणून विचारू लागली, की आधी आळंदीची सांगा, मांडे आणि थापटी सगळं सांगा. मग पुण्याचीही सांगा. तिचा निबंध छोटा आहे, रात्रीच्या जेवणानंतर मोठ्यानं वाचून होतो. वाचायला मुलीलाच द्या.