गोष्ट मध्येच तोडायची नाही

दिवाळी अंक विक्रीच्या पैशांवर निघत नाही. छापील किमतीतून विक्रेत्याचं कमिशन जातं, टपालखर्च जातो, न खपलेल्या प्रती परत येतात, आणि जे उरतं त्यात कागदाचं बिलही भागत नाही. लेखकाचं मानधन, चित्रकाराचे पैसे, छपाई, बांधणी हे सगळं जाहिरातींतून उभं करावं लागतं. आम्ही काही मित्र छत्रपती संभाजीनगरातून एक लहानसा दिवाळी अंक काढतो. मजकूर मिळवायचं काम इतरांकडे आणि जाहिराती मिळवायचं माझ्याकडे. श्रावण लागला की माझी फेरी सुरू होते. गुलमंडी, टिळकपथ, औरंगपुरा, निराला बाजार, मग वाळूज आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, शेवटी जालना. पिशवीत गेल्या वर्षीचा अंक, दरपत्रक आणि पावतीपुस्तक.

वर्षानुवर्षं अंक घेणाऱ्या माणसाला न दुखावता हे पैसे कसे मिळवायचे, हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. आमचा वाचक मोजका आहे, पण पक्का आहे. बीड-परभणीकडचे शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेली मंडळी, मुलांकडे पुण्याला राहायला गेलेले आणि तिथूनही न चुकता वर्गणी पाठवणारे जुने सभासद. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घराला लागलेली ही सवय अजून टिकून आहे ती अशा माणसांमुळे. ते अंक चाळत नाहीत, वाचतात; आणि दिवाळी सरली की पत्रं लिहितात. ‘जाहिराती का घेता?’ असं त्या पत्रांत एकानंही विचारलेलं नाही. तक्रारी आहेत त्या वेगळ्याच. एका निवृत्त मुख्याध्यापिकांनी लिहिलं होतं, ‘कथेतली मुलगी दार उघडायला उठते आणि पान उलटलं तर समोर फ्लॅटची जाहिरात. दारात कोण उभं होतं ते कळायला चार पानं ओलांडावी लागली.’

ते पत्र घेऊन मी छापखान्यात गेलो. बांधणीच्या टेबलापाशी काम करणाऱ्या काकांनी एक मोठा कागद घेतला आणि माझ्यासमोर घडी घातली. एक, दोन, तीन. तीन घड्यांत आठ पत्रं, म्हणजे सोळा पानं. हा एक फॉर्म. असे फॉर्म एकापुढे एक लावून अंक बांधला जातो. रंगीत जाहिराती आर्ट पेपरवर वेगळ्या छापल्या जातात आणि तो कागद आत घालायच्या सोयीच्या जागा ठरलेल्या असतात: फॉर्मच्या पोटात, आठव्या आणि नवव्या पानांमध्ये, नाहीतर दोन फॉर्मच्या सांध्यावर, सोळाव्या आणि सतराव्या पानांमध्ये. “गोष्ट कुठं चाललीय ते आम्हाला काय ठाऊक सर,” काका म्हणाले. “तुम्ही सांध्यावर गोष्ट आणून ठेवली तर जाहिरात तिच्यातच पडणार.”

मला हा उलगडा फार मोलाचा वाटला. वाचकाची चीड जाहिरातीवर नव्हती, तिच्या जागेवर होती. आणि जागा आमच्या हातात होती. आता डमी करताना आम्ही आधी कोऱ्या पानांवर फॉर्मचे सांधे लाल पेनानं खुणावून घेतो आणि मग मजकूर बसवतो. पंधरा पानांची कथा एका फॉर्ममध्ये पुरी होते, सोळाव्या पानावर कविता येते, सांध्यावर आर्ट पेपर, आणि सतराव्या पानावर नवा लेख. फॉर्मच्या पोटात जाहिरात घालायचीच नाही. लेख लांबला तर त्यातला एखादा भाग संपतो ती जागा सांध्यावर आणायची. यात संपादकाची दमछाक होते, कधी चित्र लहान करावं लागतं, कधी लेखकाला फोन करून चार ओळी मागाव्या लागतात. पण कथा सलग राहते.

जाहिरातदाराची समजूत घालणं अधिक अवघड होतं. त्याला हवं असतं ‘वाचनाच्या समोरचं पान’. सराफ्यातले एक जुने व्यापारी म्हणाले, “दोन लेखांच्या मध्ये टाकलं तर कोण बघतो हो? गोष्ट रंगात आली की टाका ना.” मी अंक त्यांच्या काउंटरवर उघडून ठेवला आणि म्हणालो, “शेठजी, गोष्ट रंगात आली असताना वाचक तुमचं पान रागानं उलटतो. ती संपली की तो दोन मिनिटं थांबतो, चष्मा पुसतो, चहाचा घोट घेतो. तेव्हा त्याच्यासमोर तुम्ही असायला हवं.” त्यांनी बराच वेळ पानं पुढेमागे करून पाहिलं आणि सांध्यावरचं पान घेतलं. पुढच्या वर्षी तेच पान त्यांनी स्वतःहून मागितलं.

पाव पानाच्या जाहिरातींचाही एक नियम आम्ही केला. कवितेखाली जागा उरली म्हणून तिथे जाहिरात टाकायची नाही. आईवरच्या कवितेखाली पाण्याच्या टाकीची जाहिरात पाहिली की कवी दुखावतो, वाचक दुखावतो आणि टाकीवाल्याच्याही पदरात काही पडत नाही. कवितेभोवतीची कोरी जागा कवितेचीच असते. लहान जाहिराती आम्ही शेवटच्या फॉर्ममध्ये एकत्र देतो, गावांप्रमाणे लावून. बाहेरगावाहून खरेदीला येणारे वाचक ती पानं पत्त्यांसाठी जपून ठेवतात, असं आता कळू लागलंय.

जागेनंतर प्रश्न येतो जाहिरातीतल्या मजकुराचा. दिवाळी अंकांत सर्वांत जास्त पानं जातात शुभेच्छांना: दिव्यांचं चित्र, ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली नावांची रांग. अशी पानं वाचक बघतही नाही. शहरातल्या हिमरू शालींच्या एका विक्रेत्याला मी विचारलं, शुभेच्छांऐवजी हिमरू कसं ओळखायचं तेच का लिहीत नाही? तुघलकानं 1327च्या सुमारास राजधानी दौलताबादेला हलवली तेव्हा विणकर इकडे आले आणि ही कला इथे रुजली, असं परंपरेनं सांगतात. पण आपल्याच शहरातल्या किती घरांना खरं हिमरू हातात धरून ओळखता येतं? त्यांच्या दुकानात बसून आम्ही मजकूर केला: सूत आणि रेशीम एकत्र कसं येतं, नक्षीचा जादा धागा कापडाच्या उलट बाजूला मोकळा कसा धावतो, आणि म्हणून शाल आधी उलटी करून का पाहायची. खाली दुकानाचं नाव आणि पत्ता. त्या पानावर जितकी पत्रं आली तितकी त्या वर्षी काही लेखांवरही आली नाहीत.

यात नवं काही नाही, आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. 1920 साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते मुळात कारखान्याच्या मालाची, लोखंडी नांगराची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. पण वाचणाऱ्याला उपयोगी पडेल, त्याचं मन रमेल असा मजकूर त्यांनी दिला, आणि त्या जाहिरातपत्रातून ‘किर्लोस्कर’ मासिक उभं राहिलं. पुढे 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ निघालं. जाहिरात करणाऱ्यानं वाचकाचा मान ठेवला की वाचक त्याच्यामागे येतो, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. दुसऱ्या टोकाला गांधीजी. त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये जाहिराती घेणं बंद केलं आणि ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’ही जाहिरातींविना चालवले. तो मार्ग मला वंदनीय वाटतो, पण लेखकाला मानधन द्यायचं असलेल्या आमच्यासारख्या अंकाला तो झेपणारा नाही.

एका गोष्टीवर मात्र आम्ही कधीच तडजोड करत नाही. एका खासगी रुग्णालयाकडून निरोप आला होता: डॉक्टरांची मुलाखत लेखासारखी छापा, वर ‘जाहिरात’ हा शब्द नको, दुप्पट दर देऊ. त्या रकमेत अंकाच्या मुखपृष्ठाचा खर्च निघाला असता. आम्ही नाही म्हणालो. 2009च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काय झालं ते वाचकांनी पाहिलंय. उमेदवारांच्या कौतुकाचा विकत घेतलेला मजकूर बातमी म्हणून छापला गेला, कुठे कुठे तर एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः आला. प्रेस कौन्सिलला त्यावर उपसमिती नेमावी लागली. वाचकाला जाहिरातीचा त्रास होतो तो तासाभराचा. आपण लेख समजून जाहिरात वाचली हे कळलं की त्याचा सगळ्या अंकावरचाच विश्वास उडतो. मग आमच्या खऱ्या लेखाकडेही तो संशयानं पाहणार. म्हणून विकत घेतलेल्या प्रत्येक पानावर आमच्याकडे चौकट असते आणि वर ठळक ‘जाहिरात’.

काही जाहिराती तर कायद्यानंच नाकाराव्या लागतात, आणि कायदा नसता तरी नाकारल्याच असत्या. मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा बरा करण्याचे, उंची वाढवण्याचे दावे 1954च्या कायद्यानं निषिद्ध आहेत. अघोरी उपाय आणि चमत्कारांच्या प्रचाराला आपल्या राज्याच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं आळा घातला आहे. बियाण्यांच्या जाहिरातीत एकरी उताऱ्याचा आकडा आम्ही छापत नाही. आमच्या निम्म्या वाचकांच्या घरी शेती आहे, आणि गावाकडचा भाऊ त्या आकड्यावर विसंबून पेरणी करू शकतो.

एवढं सगळं करून पैसे मिळतात का? मिळतात. जाहिरातीची पानं अंकाच्या पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ द्यायची नाहीत, हे ठरवलं तेव्हा तोट्याची भीती होती. प्रत्यक्षात पानं कमी झाल्यामुळे सांध्यावरच्या जागेला मागणी आली आणि थोडा दर वाढवता आला. भिडेखातर घेतलेल्या जाहिरातींचे पैसे वसूल करताना होळी येते. मनापासून दिलेल्या जाहिरातीचं बिल तुळशीच्या लग्नाआधी चुकतं होतं. वाळूजच्या लहान कारखानदारांपैकी काहीजण आता स्वतः अंक वाचतात.

वाचकांना एक विनंती. अंकातली जाहिरात पाहून तुम्ही एखाद्या दुकानात गेलात, तर तिथे तेवढं सांगा. काही घेतलं नाहीत तरी चालेल, पण ‘तुमचं पान अमुक दिवाळी अंकात पाहिलं’ हे दुकानदाराच्या कानावर घाला. पुढच्या श्रावणात मी त्यांच्या काउंटरपाशी उभा राहतो तेव्हा माझ्याजवळ दाखवायला दुसरा कुठलाही पुरावा नसतो.