घरची दुर्बीण

दुर्बीण विकत घेऊं इच्छिणारा गृहस्थ दुकानांत शिरतांच पहिला प्रश्न विचारतो तो हा, कीं "ही किती पट मोठें दाखविते?" विक्रेताही उत्तर देण्यास सिद्धच असतो, खोक्यावर शनीचें रंगीत चित्र आणि त्याच्या शेजारीं ५२५ हा आंकडा ठळक छापलेला असतो. आमच्या मतें या एका प्रश्नामुळें जितकीं घरें आकाशाला मुकलीं, तितकीं ढगांमुळेंही मुकलीं नसतील.

पटींचा हिशेब अगदीं सोपा आहे. दुर्बिणीच्या मुख्य भिंगाचें किंवा आरशाचें नाभीय अंतर डोळ्याकडील भिंगाच्या, म्हणजे नेत्रिकेच्या, नाभीय अंतरानें भागावें. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ची नेत्रिका लावली तर २६ पट, १०ची लावली तर ६५ पट. म्हणजे नेत्रिका बदलून पटी हव्या तितक्या वाढवितां येतात. पण प्रकाश कोठून आणावयाचा? तो दुर्बिणीच्या तोंडाच्या व्यासावर अवलंबून. पेलाभर दुधांत घागरभर पाणी ओतल्यानें दूध घागरभर होत नाहीं. व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही साधारण मर्यादा. त्यापुढें चित्र मोठें होतें, पण त्यांत नवें कांहींच दिसत नाहीं. पन्नास मिलिमीटरच्या नळीवर ५२५ हा आंकडा छापणें हें धाडसाचें काम खरें. गॅलिलिओनें १६१० च्या जानेवारींत गुरूचे चंद्र पाहिले, ते अवघ्या वीस पटींच्या दुर्बिणींतून!

आमच्या पुतणीला तिच्या बाराव्या वाढदिवशीं अशीच एक पांचशे पटींची दुर्बीण भेट आली. तिची तिवई इतकी लेचीपेची, कीं नेत्रिकेला पापणी लागली तरी चंद्र थरथरूं लागे. हात लागला तर तो पार दिसेनासा होई. पोरीनें तीन रात्रीं झुंज दिली. चौथ्या दिवशीं यंत्र खोक्यांत गेलें, खोकें माळ्यावर गेलें, आणि ती आम्हांस म्हणाली, "काका, आकाशांत पाहण्यासारखें कांहीं नसतें." पैसे वायां गेल्याचें आम्हांस विशेष वाटलें नाहीं, तें वाक्य मात्र मनाला लागलें. भिकार पेटीवर सूर धरणारें मूल आपला गळाच वाईट असें समजतें, त्यांतलाच हा प्रकार.

पुढें आमच्या घरीं जी दुसरी दुर्बीण आली, ती १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि दिसावयास अगदीं ओबडधोबड. तिला तिवई नाहीं. लांकडी बैठकीवर ती तोफेसारखी बसते आणि हातानें ढकलली कीं वळते. या बैठकीला जॉन डॉब्सन यांचें नांव आहे. हे गृहस्थ १९४४ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठांत दाखल झाले. पदरीं पैसा नाहीं, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घांसून त्यांनीं आरसा केला, आणि साध्या नळीची व लांकडी फळ्यांची दुर्बीण बनविली. १९६७ सालीं मठ सुटल्यावर ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवूं लागले. विरक्त माणसानें योजलेली वस्तु आहे ती. तिच्यांत मिरवण्यासारखें कांहीं नाहीं, पण ती हलत नाहीं. आजही अशी दुर्बीण एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतींत मिळते. ज्यांना तेवढाही खर्च नको, त्यांनीं दहा पटींची, पन्नास मिलिमीटरची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. कृत्तिका त्या दुर्बिणींतच अधिक शोभतात. आणि कांहींही घेण्यापूर्वीं दुसऱ्याच्या दुर्बिणींतून एकदां पाहावें. पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हें काम करीत आली आहे.

पहिल्या रात्रीं आम्हीं शनि लावला आणि आधीं मातोश्रींना बोलाविलें. त्यांचें वय ब्याऐंशी. सारीं नक्षत्रें तोंडपाठ, पण शनीचा परिचय काय तो साडेसातीपुरता. त्यांनीं बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाल्या, "हाच का तो? इतका देखणा असेल असें वाटलें नव्हतें रे." पुतणी मागें उभी होती. तिनें पाहिलें आणि थोड्या वेळानें म्हटलें, "काका, मोबाइलवर याहून पुष्कळ मोठा दिसतो."

हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पासष्ट पटींत शनि वाटाण्याएवढाही भासत नाहीं, आणि छायाचित्रांतले रंग कोणत्याही घरगुती दुर्बिणींत दिसावयाचे नाहींत. ज्याला देखावा हवा त्यानें छायाचित्रच पाहावें. आम्ही तिला इतकेंच म्हणालों, कीं हा जो उजेड तुझ्या डोळ्यांत शिरत आहे, तो तासाभराहून अधिक वेळापूर्वीं तेथून निघाला. मध्यें दुसऱ्या कोणाचा डोळा नाहीं. तिनें उत्तर दिलें नाहीं, पण पुन्हा डोळा लावला. तेवढ्यांत शनि कडेला सरकून दिसेनासा झाला. "हा पळतो कां?" शनि पळत नव्हता, आपली गच्ची फिरत होती. पृथ्वी फिरते हें ती शाळेंत शिकली होती. त्या रात्रीं मात्र दर दोन-तीन मिनिटांनीं नळी ढकलतांना तिला तें हातानें कळलें.

वापराच्या गोष्टी फार नाहींत. चंद्र पौर्णिमेला पाहूं नये. अष्टमीच्या सुमारास, जेथें उजेड व अंधार मिळतात त्या रेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हां पाहावा. सूर्याकडे दुर्बीण कधींही वळवूं नये. तोंडावर योग्य गाळणी बसविल्यावांचून क्षणभर पाहिलें तरी डोळा जाण्याची भीति आहे, आणि मुलांच्या घरांत हें दहादां सांगावें. आरसा बाहेरच्या हवेइतका निवण्यास अर्धा तास द्यावा. तितक्याच वेळांत डोळाही अंधाराला सरावतो. विजेरीला पतंगाचा लाल कागद बांधावा. मृगांतील तेजोमेघासारखी फिकट वस्तु पाहतांना तिच्यावर नजर न रोखतां किंचित् बाजूला पाहावें; डोळ्याच्या कडेला अंधुक प्रकाश अधिक जाणवतो. मातोश्रींना ही युक्ति प्रथम पटेना. "ज्याच्याकडे पाहावयाचें त्याच्याकडे पाहूं नये, ही कसली तऱ्हा?" पण ती आतां त्याच आम्हांला सांगतात.

खरी अडचण पावसाळ्याची. आषाढापासून आश्विनापर्यंत आकाश क्वचितच मोकळें, आणि कोंदट हवेनें काचेला बुरशी धरते. आरसा पुसण्याचा मोह तेवढा टाळावा. त्याचा मुलामा फार नाजूक असतो. आम्ही नळीचीं दोन्हीं तोंडें बंद करून आंत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतों आणि पुतणीच्या हुकुमानें ती तिच्याच खोलींत उभी करतों. माळ्यावर ठेवण्याची सूचना आम्हीं एकदां केली होती. ती मान्य झाली नाहीं.